तीन सुतांची पायरी

गेल्या वर्षीचा पंचवीस एप्रिल, शुक्रवार, दुपारचे साडेतीन. रक्कम अठरा हजार सहाशे चाळीस. हजर माणसं चार: मी, माझी बायको, आमची सून आणि सहा वर्षांची नात. नात पंख्याखाली चटईवर झोपली होती. तरी तिला हजर धरतो, कारण विषय तिचाच होता.

रक्कम सुनेच्या मोबाईलवर दिसत होती. तिच्या शेजारी छत्तीस हजारांचा आकडा खोडलेला होता आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, आजचा शेवटचा दिवस. मी विचारलं, "काल काय होता?"

"कालपण शेवटचाच होता आबा," सून म्हणाली. ती खोटं बोलत नाही, एवढं तिच्या बाजूने लिहून ठेवतो.

त्या पैशांत लाकडाचे ठोकळे, पट्ट्या, मणी, खरखरीत अक्षरं, असं मॉन्टेसरीचं घरी वापरायचं सामान मिळणार होतं. ते हवं होतं ते एका कारणाने. त्याच सकाळी शाळेत निकाल होता. नात सीनियर केजीत. बाईंनी टेबलावर बटणं पसरली आणि सांगितलं, सात दे. नातीने मूठ भरून दिली. मोजल्यावर तेरा निघाली. आकडे तिला पाठ आहेत. वन ते हंड्रेड ती एका दमात म्हणते. पण वस्तू मोजायला बसली, की बोट एका वेगाने पळतं आणि तोंड दुसऱ्या वेगाने. बाई म्हणाल्या, "हिला सीनियर पुन्हा करू दे."

मला पहिला संशय शाळेचाच आला. सीनियरच्या एका तुकडीला मुलं कमी पडताहेत, असं मी रिक्षावाल्याकडून ऐकलं होतं. एक पोरगी मागे ठेवली, की एक वर्षाची फी वाढते. तसं मी बाईंना विचारलंही. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, दहा जूनला पुन्हा घेऊन या. सात वस्तू नीट मोजून दिल्या तर पहिलीत घेते. आणखी काही नको."

शेजारची मुलगी आणि आमची नात एका रिक्षाने जातात, एका बाकावर बसतात. दोघींनी पहिलीसाठी एकाच रंगाची दप्तरं घेतली होती. शाळेतून येताना नातीने तीनदा विचारलं, "आबा, मीपण पहिलीत ना?" मी तीनही वेळा "बघू" म्हणालो. नक्की नसलेलं मी सांगत नाही.

ही सवय नोकरीतली. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सव्वीस वर्षं कारकून आहे. ऊस भरून आलेली गाडी माझ्यासमोर तोलली जाते आणि प्रत्येक शेतकऱ्याला वाटतं, की मी काटा मारतो. तोंडावर म्हणतात, मागे म्हणतात. म्हणून हंगाम सुरू होताना सगळ्यांसमोर काटा तपासतात. वीस-वीस किलोची छापाची वजनं प्लेटच्या एका कोपऱ्यावर रचायची, आकडा बघायचा. मग तीच वजनं उचलून दुसऱ्या कोपऱ्यावर, तिसऱ्या, चौथ्या. चारही ठिकाणी एकच आकडा आला, तर काटा खरा. एका शेतकऱ्याचा आमच्या वजनांवरही विश्वास नव्हता. त्याने स्वतःच्या सासऱ्याला चारही कोपऱ्यांवर उभं केलं होतं. सासरा सगळीकडे सारखाच भरला, तेव्हा त्याने गाडी पुढे घेतली. मला त्या माणसाचा कधी राग आला नाही.

तर, अठरा हजार सहाशे चाळीस मी नामंजूर केले. सुनेला माझी परवानगी लागत होती असं नव्हे. मुलगा चाकणला कंपनीत आहे, त्याने पैसे पाठवले असते. पण मला सुनेचाही थोडा संशय होता. ती डी.एड. झालेली आहे आणि घरी बसून कंटाळते. मला वाटलं, नातीच्या नावाखाली ओसरीत शिकवणी काढायचा बेत असेल. मी तसं बायकोला म्हणालो. बायको म्हणाली, "काढली तर काढू द्या. तुमच्या ओसरीत सध्या काय आहे? खताची रिकामी पोती." 

सुनेने मग यादी कमी केली. तिने समजावून सांगितलं, की सगळं नसलं तरी चालेल, दोन वस्तू पुरे. एक, दहा ठोकळ्यांचा मनोरा. सगळ्यात लहान ठोकळा एक सेंटिमीटरचा, मग दोन, मग तीन, असं दहापर्यंत. दुसरी, दहा पट्ट्या. पहिली दहा सेंटिमीटरची, दुसरी वीस, शेवटची एक मीटर. प्रत्येक दहा सेंटिमीटरला रंग बदलायचा, लाल, निळा, लाल, निळा. म्हणजे सात नंबरची पट्टी उचलली, की सात एकदम हातात येतात, आणि मोजायचे तर रंगावर बोट ठेवत मोजता येतात. बोट आणि तोंड यांचा वेग तिथे जुळतो, असं तिचं म्हणणं.

हे मला पटलं. किंमत पटेना.

दुसऱ्या दिवशी मी मोबाईलवर स्वतः शोधलं आणि तेराशे एकोणपन्नासचा मनोरा मागवला. फोटोत तो एका मुलाच्या कमरेएवढा होता. घरी आला तो चपलेच्या खोक्यात. सगळ्यात मोठा ठोकळा सहा सेंटिमीटर. ओलं बोट फिरवलं तर गुलाबी रंग बोटाला आला. सहाव्या आणि सातव्या ठोकळ्यात एक मिलीमीटरचा फरक, सातव्या आणि आठव्यात तब्बल नऊचा. परत करायचं बटण दाबलं, तर खोकं मूळ स्थितीत हवं म्हणून आलं, आणि खोकं बायकोने चुलीत घातलं होतं. खाली दोनशे जणांनी पाच तारे दिले होते. त्यातल्या अकरा जणांचं एक वाक्य शब्दन् शब्द सारखं होतं.

नातीने मात्र तो मनोरा आवडीने घेतला. ठोकळे एका कोपऱ्याशी जुळवून रचले, की कडेला पायऱ्या दिसतात. ती सगळ्यात छोटा ठोकळा उचलायची, त्याला मुंगी म्हणायची आणि जिना उतरवायची. दोन पायऱ्यांवर मुंगी नीट बसायची, तिसऱ्यावर पडायची. "इथं मुंगी पडते," ती म्हणायची आणि पुन्हा वरून सुरू करायची. मी तिकडे फार लक्ष दिलं नाही. रंगाचा डाग कुठे लागतो, एवढंच बघत होतो.

मग नगरला गेलो. शाळेचं सामान विकणाऱ्या एका दुकानात माल चांगला होता, हे मान्य करतो. मी खिशातली स्टीलची पट्टी लावून पाहिली. दहा म्हणजे दहा. दुकानदार माझ्या पट्टीकडे बघत म्हणाला, "काका, माप बघताय की खोड काढताय?"

"दोन्ही."

मनोरा तीन हजार आठशे पन्नास, पट्ट्या तीन हजार दोनशे. मिळून सात हजार पन्नास. मी कमी करायला सांगितलं, तर तो आवाज उतरवून म्हणाला, "शाळेसाठी असेल तर बिल वाढवूनही देतो." जो बिल वाढवून देतो, त्याने किंमत कुठे वाढवून ठेवली असेल याचा विचार करत मी स्टँडवर आलो.

काष्टीला बाजारतळाच्या कडेला एक सुतार आहे. चौकटी, खाटा करतो, कोणी सांगितलं तर अजून पेरणीची लाकडी पाभर करतो. पाच मेला मी सुनेने काढलेला कागद घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने कागद उलटा धरला, मग सुलटा धरला.

"ह्ये काय, देवाचं मखर हाय का?"

"नातीचं शिक्षण आहे मिस्तरी."

"आमच्या टायमाला शिक्षणाला दगडी पाटी हुती. पडली की फुटायची. ह्ये पडलं तर पायाचं बोट जाईल."

शेवटी ठरलं. लाकूड वाळलेला कडुलिंब, चौकटींचे उरलेले तुकडे. रंग नाही. दोन्ही वस्तूंचे मिळून दोन हजार चारशे, एक हजार आगाऊ. मी हजार रुपये दिले आणि कागदावर त्याची सही मागितली. तो म्हणाला, "पाभरीला कधी सही केली न्हाई." पण केली.

चार दिवसांनी मी न कळवता बघायला गेलो. मिस्तरी खुर्चीत चहा पीत होता आणि त्याची बायको ओट्यावर बसून ठोकळ्यांच्या कडा पॉलिश पेपरने घासत होती. माझ्या मनात आलं, काम याने घेतलं आणि करते ही. मजुरी मात्र मिस्तरीची लावणार. ती बाई ठोकळा गालाला लावून बघत होती, खरखर राहिली का ते. मला बघून तिने पदर सावरला. "लेकराच्या हातात जायाचंय ना," म्हणाली.

सतरा मेला, शनिवारी, मिस्तरी मोटारसायकलवर पोतं बांधून आमच्या दारात आला. दहा ठोकळे, दहा पट्ट्या. सून आतून लाल आणि निळी टेप घेऊन आली, वायरमन वापरतात ती. तीस तुकडे लाल, पंचवीस निळे, असा हिशेब मीच तिला करून दिला होता. मी म्हणालो, थांब, आधी मोजू दे.

मोठा ठोकळा साडेनऊ सेंटिमीटर भरला. पुन्हा मोजला. साडेनऊ आणि वर केसभर. दुसरा धरला, तोही कमी. दहाही कमी.

मिस्तरी खाटेवर बसला होता. "काय काटेसाहेब, वजनबी करनार का?"

"दहा सांगितलं होतं. हे साडेनऊ आहे."

"व्हय. मी तीन सुताची पायरी धरली. माज्या पट्टीवर सेंटीमीटर न्हाई, इंच आन सूत हाय. आठ सुतांचा एक इंच. तीन सूत म्हंजी तुमच्या एका सेंटीमीटरच्या लई जवळ."

"जवळ म्हणजे कमी."

"कमी तर कमी. पन समदे सारखे कमी."

मी कागदावर गुणाकार केला. कडेला अर्ध्या सेंटिमीटरचा फरक दिसायला लहान, पण ठोकळ्याला लांबी, रुंदी, उंची तिन्ही असतात. लाकूड शंभराला साडेतेरा कमी भरत होतं. मी तो आकडा वाचून दाखवला. मग पट्ट्या मोजल्या, आणि माझा संशय पक्का झाला. मीटरची पट्टी मीटरपेक्षा दीड सेंटिमीटर जास्त होती. जाड लाकडात मारायचं आणि पातळ लाकडात दाखवायला जास्त द्यायचं. ही युक्ती मी उसाच्या मोळ्यांत पाहिली आहे.

"पट्टीला चार-चार इंच धरलेत," मिस्तरी म्हणाला. "ते जास्तीचं नको असंल तर कापून देतो. तुमच्या हिशेबात लाकूड उरलं तर चहा करू."

"नव्याने करून द्या. नाहीतर बाकीचे चौदाशे मिळणार नाहीत."

तो उठला. त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज चढवला नाही. "बारा दिवसांनी या बाजूला चौकट बसवायला येनार हाय. तवा माझं लाकूड माघारी न्हेतो आन तुमचा हजार तुमच्या हातात ठिवतो. तीस वर्सं लाकडात हाय साहेब, लाकूड चोरलं म्हनून अजून कुनी बोट दावलं नव्हतं."

मी म्हणालो, "मला रोज दाखवतात."

काट्यावर वाद झाला, की ती गाडी बाजूला उभी करतात. निकाल लागेपर्यंत त्यातला ऊस हलवायचा नाही. त्याच नियमाने मी दहा ठोकळे आणि दहा पट्ट्या लोखंडी पेटीत ठेवल्या आणि कुलूप लावलं. सून टेपची रिळं हातात धरून उभी होती.

"आबा, तोवर वापरू तरी द्या."

"वापरलं म्हणजे पसंत केलं असं होतं."

"चोवीस दिवस राहिलेत."

मला ते माहीत होतं. तिने चिंचोके घेतले, खडे घेतले, चमचे घेतले. रोज सकाळी चटईवर दोघी बसायच्या. पाचापर्यंत ठीक चालायचं. पाचाच्या पुढे नातीचं बोट पळायला लागायचं आणि तोंड दहावर जाऊन थांबायचं, चिंचोके कितीही असोत. सुनेचा आवाज चढायचा, मग एकदम खाली यायचा. नात दुपारी ऑनलाईनचा गुलाबी मनोरा काढून मुंगीला चालवत बसायची. तीन-चार ठिकाणी मुंगी पडायची. एकदा ती मला म्हणाली, "आबा, हा जिना खोटाय." मी वर्तमानपत्र वाचत होतो.

त्या बारा दिवसांत बायको माझ्याशी कामापुरतं बोलत होती. एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही सुताराला पकडलंत की पोरीला?" मी उत्तर दिलं, की प्रश्न तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, "मग तत्त्वालाच पहिलीत घाला."

एकोणतीस मेला मिस्तरी सांगितल्याप्रमाणे आला. ओसरीवर बसला, पाणी प्यायला, खिशातून माझे हजार रुपये काढून माझ्यासमोर ठेवले. मी पेटी उघडली. माल परत देताना नग मोजून द्यायचे म्हणून ठोकळे एकेक काढून चटईवर मांडले. पट्ट्या काढायला वळलो तेवढ्यात नात आली. तिने ते ठोकळे सतरा तारखेला दारातून पाहिले होते, हातात एकदाही घेतले नव्हते.

ती खाली बसली. मोठा ठोकळा भिंतीच्या कोपऱ्याला लावला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. मिस्तरी गुडघ्यावर हात ठेवून बघत होता. दहावा ठोकळा वर ठेवला आणि लगेच पुन्हा उचलला. तो मुंगी झाला.

मुंगी वरच्या पायरीवर बसली. कडेबरोबर, आत नाही, बाहेर नाही. दुसऱ्या पायरीवर बसली. तिसऱ्या पायरीवर ती पडेल म्हणून नातीने दुसरा हात खाली धरला होता. मुंगी पडली नाही. चौथी, पाचवी. नात हळू झाली. नवव्या पायरीवर ठोकळा ठेवून तिने बोटाने कड चाचपली आणि वर माझ्याकडे बघितलं.

"आबा, मुंगी कुठंच पडत नाही."

मी सव्वीस वर्षं तेच करत आलो होतो. तेच वजन, या कोपऱ्यावर, त्या कोपऱ्यावर, आकडा सारखा येतो का बघायचं. काटा खरा आहे का हे काट्यालाच विचारायचं असतं. मी मात्र कडुलिंबाच्या ठोकळ्यांना माझी स्टीलची पट्टी लावून बसलो होतो. ठोकळे कमी भरत होते ते त्या पट्टीच्या मानाने. एकमेकांच्या मानाने त्यांच्यात केसाचा फरक नव्हता. पट्ट्याही तशाच असणार. सगळ्यात लहान, चार इंचाची पट्टी बाकीच्या प्रत्येकीवर पायरी-पायरीने लावून बघितली. तशाच होत्या.

मी समोरचे हजार रुपये मिस्तरीकडे सरकवले आणि म्हणालो, "माझी चूक झाली मिस्तरी. माल मापात आहे. चौदाशे आणतो, थांबा."

आतून पैसे घेऊन आलो. मिस्तरीने फक्त ते हजार रुपये उचलले होते. चौदाशेला हात लावेना.

"आता नको."

"का?"

"पोरीची शाळंत परीक्षा हाय म्हनता ना? तिला सात मोजता आलं तर द्या. न्हाई आलं तर मी येतो आन लाकूड न्हेतो."

"त्याचा याच्याशी काय संबंध? वस्तू मापात आहे, तर पैसे द्यायलाच हवेत."

"तुमी मापावर अडला हुता. मी पोरीवर अडतो," तो म्हणाला, आणि नातीकडे बघून, "काय गं, सुताराला बुडवनार का?"

"नाही," नात म्हणाली. तिचं लक्ष मुंगीवर होतं.

तो गेल्यावर मला लगेच शंका आली, की यात त्याचा काय डाव असेल. नात पास झाली तर गावभर सांगेल, की माझ्या लाकडाने शिकली. चार गिऱ्हाइकं वाढतील. मी बायकोला तसं म्हणालो. ती म्हणाली, "मग वाढू द्या हो!" आणि हसली. बारा दिवसांत पहिल्यांदा.

सुनेने त्याच दुपारी टेप लावली. राहिलेले बारा दिवस तिने मला फक्त एक काम दिलं: ओसरीतली पोती उचलायची. तिथे पट्ट्या मांडल्या. सकाळी नात एक-एक पट्टी आणायची. तीन आण म्हटलं, की जाऊन तीन आणायची, चटईवर ठेवायची आणि रंगावर बोट ठेवून मोजायची. बोट लालवर, मग निळ्यावर. रंग संपला, की मोजणं संपायचं. पुढे पळायला जागाच नव्हती. चौथ्या दिवशी तिने सातची पट्टी न मोजता ओळखली. मला वाटलं, टेपची खूण लक्षात ठेवली असेल. मी तिच्या नकळत पट्ट्यांची जागा बदलली, सात उलटी ठेवली. तिने सातच उचलली. मग चिंचोके परत आले. आता ती प्रत्येक रंगावर एक चिंचोका ठेवायची. शेवटच्या तीन दिवसांत सुनेने पट्टी काढून घेतली आणि नुसते चिंचोके दिले. नात ते रांगेत मांडायची, मध्ये सारखी जागा सोडून, जणू पट्टी खाली आहेच. एक दिवस आठाचे नऊ झाले. त्या संध्याकाळी सून जेवली नाही.

दहा जूनला आम्ही तिघं शाळेत गेलो. मी, सून, नात. बाईंनी या वेळी खडू मांडले, साधारण तीसेक. "सात दे."

नातीने मूठ भरली नाही. एक खडू उचलून टेबलाच्या कडेला ठेवला. त्याच्या पुढे दुसरा. बोट ठेवूनच पुढचा उचलायची. सातवा ठेवला आणि हात मागे घेतला.

बाईंनी मोजले. मग माझ्याकडे बघितलं, मग सुनेकडे. "सात मी आधी सांगितलं होतं. सातच पाठ करून घेतलंय का?"

मी सुनेकडे बघितलं. तिचे ओठ घट्ट मिटले होते. मी म्हणालो, "बाई, तुमचा संशय बरोबर आहे. दुसरं विचारा."

"नऊ दे."

नातीने सात तसेच ठेवले, पुढे आणखी दोन लावले. मग तीसमधला एक खडू उचलला, नवव्याच्या पुढे धरला आणि ठेवला नाही. "हा ठेवला की दहा होतात," ती म्हणाली, "पण तुम्ही नऊ सांगितले."

बाईंनी फॉर्मवर पहिली लिहिलं. खाली सही केली. शाई वाळेपर्यंत मी तो कागद हातात घेतला नाही, पण वाचून घेतला.

बाहेर आल्यावर नातीने विचारलं, "आबा, मी पहिलीत ना?"

"पहिलीत," मी म्हणालो.

त्या दोघींना रिक्षात बसवून मी तसाच काष्टीला गेलो. मिस्तरी एका चौकटीला बिजागऱ्या लावत होता. मी म्हणालो, "सात आले. नऊपण आले." त्याने हातोडी खाली ठेवली आणि आत बघून हाक मारली, "अगं ये, काटेसाहेबाची नात पास झाली." मग मला म्हणाला, "आता माप बगा, मग द्या."

मी चौदाशे पुढे केले. त्याने हजार मोजून घेतले आणि उरलेले चारशे माझ्याच हातात ठेवले.

"ह्ये तिचं हाय. घासायचं काम तिनं केलंय, माज्याकडून घेत न्हाई. तुमच्या हातनं द्या."

त्याची बायको दारात आली होती. हातांना लाकडाचा भुसा होता. ती हात पुसायला वळली, मी म्हणालो, असू द्या.

दहा जून. बाकी एक हजार मिस्तरीला, चारशे त्याच्या बायकोला, तिच्या हातात, रोख.